नर्सिंगला हलकं काम समजलं जायचं, तेव्हा रमाबाई रानडे यांनी विधवांना ससूनमध्ये शिकायला पाठवलं

बारावी सायन्सचा निकाल लागला की सोलापुरातल्या कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत, प्रायव्हेट कॉलेजची फी झेपणारी नाही. मग बी.एस्सी. नर्सिंगचं नाव निघतं. मुलगी तयार असते, आईचाही होकार असतो. पण घरातलं कुणीतरी मोठं माणूस तीन मुद्दे काढतंच. नाईट ड्युटीचं काय, पुरुष पेशंटचं काय आणि पुढे लग्नाचं काय?

हे तिन्ही प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. पुण्यात एका बाईनं त्यांना उत्तर दिलं होतं. त्यासाठी तिनं वाद घालत बसण्यापेक्षा एक संस्था उभी केली आणि मुलींना सरळ हॉस्पिटलमध्ये शिकायला पाठवलं. त्या बाईंचं नाव रमाबाई रानडे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचं बालपण घराघरांत पोहोचलं. पण नर्सिंगच्या शिक्षणाशी त्यांचा काय संबंध, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. तेच आज समजून घेऊ.

आधी एक गोंधळ मिटवू

महाराष्ट्राच्या इतिहासात तीन मोठ्या रमाबाई आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पंडिता रमाबाई यांनी शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं. रमाबाई आंबेडकर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी. आणि ही गोष्ट आहे ती रमाबाई रानडे यांची, पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक अध्यक्षा.

अकरा वर्षांची यमुना

रमाबाईंचा जन्म १८६२ चा. माहेरचं नाव यमुना कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. मुलींना अक्षर ओळख करून द्यायची नाही, असाच तेव्हाचा रिवाज होता. यमुनालाही लिहिता-वाचता येत नव्हतं.

१८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाचे नामवंत पुरस्कर्ते होते. आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी त्याचीच धास्ती होती. त्यांनी घाईघाईनं अकरा वर्षांच्या यमुनेशी मुलाचं लग्न लावून दिलं. वडिलांचा शब्द रानडे यांना मोडवला नाही. यावरून त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते.

लग्नानंतर रानडे यांनी बायकोला स्वतः शिकवायला सुरुवात केली. पाटीवर मुळाक्षरं काढण्यापासून हा अभ्यास सुरू झाला. आधी मराठी, मग इंग्रजी. नवरा शिकवत होता, पण दिवसभर जावं लागायचं घरातल्या बायकांमध्ये. घरात नणंद, सासू आणि नात्यातल्या इतर बायका होत्या. सुनेनं पुस्तक हातात धरणं त्यांच्यातल्या बहुतेकींना मान्य नव्हतं. टोमणे, अबोला आणि चार बायकांत वेगळं पाडणं, हे रोजचंच झालं.

शिकवणी झाली की अंघोळ

पुढे इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती शिक्षिका घरी येऊ लागल्या. तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. परधर्माच्या बाईजवळ बसून शिकलं म्हणजे विटाळ झाला. शिकवणी संपली की अंघोळ केल्याशिवाय रमाबाईंनी घरात कशाला शिवायचं नाही, असा नियम झाला.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पुढे नर्सिंगच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडसर हाच ठरणार होता. नर्सचं काम स्पर्शाशिवाय होतच नाही. अनोळखी माणसाला उठवून बसवायचं, त्याचं अंग पुसायचं, जखम धुवायची, भांडं द्यायचं. पेशंट कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, बाई की पुरुष, हे विचारायची सोय नाही. ज्या समाजात पुस्तक शिकवणाऱ्या बाईचा विटाळ होत होता, तिथं हे काम घरंदाज मुलगी करील, ही कल्पनाच कुणाला सहन होणार नव्हती.

रमाबाई शिकत राहिल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी गव्हर्नरसाहेबांपुढे मांडायची होती, तेव्हा इंग्रजीतलं निवेदन त्यांनी भर सभेत वाचून दाखवलं. १८८४ मध्ये ते हायस्कूल सुरू झालं. तेच आजचं हुजूरपागा. घरी मात्र या धिटाईबद्दल कौतुकाऐवजी बोलणीच खावी लागली.

सोलापूरचा धागा

१८७५ च्या सुमारास दख्खनमध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. या कायद्याखालच्या कामासाठी रानडे यांना गावोगाव दौरे करावे लागत. या दौऱ्यांत बऱ्याचदा रमाबाई त्यांच्यासोबत असत. पुण्याच्या वाड्याबाहेरचा महाराष्ट्र त्यांनी असा पाहिला.

त्याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात एक वेगळी संस्था सुरू झाली होती. अडलेल्या विधवा दूरच्या तीर्थक्षेत्री येऊन गुपचूप बाळंत होत. काही मुलं टाकून दिली जात, काहींचा जीव घेतला जाई. हे थांबवण्यासाठी लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी प्रार्थना समाजाच्या मदतीनं १८७५ मध्ये पंढरपूरला बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. रानडे हे प्रार्थना समाजाचे आघाडीचे नेते.

तेव्हाच्या विधवेपुढचा पेच यातून कळतो. तिला शिक्षण नाही, कमाई नाही, दुसरं लग्न नाही. ती कायमची कुणाच्या तरी दयेवर. तिला पोटापाण्याचं साधन मिळणं हा तिच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

१९०१ : रमाबाई स्वतः विधवा झाल्या

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि दोघं मुंबईला आले. तिथं रमाबाईंनी बायकांसाठी क्लब काढला. भाषा, सामान्य ज्ञान आणि शिवणकामाचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचं निधन झालं. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या.

त्या पुण्याला परतल्या. जवळपास वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर बाहेर पडल्या त्या थेट येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. तिथल्या बायकांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, असा परिपाठ सुरू केला. हॉस्पिटलमधल्या पेशंटकडेही त्या फळं, फुलं आणि पुस्तकं घेऊन नियमित जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

हॉस्पिटलच्या या फेऱ्यांमध्ये त्यांच्या डोळ्यासमोर काय आलं असेल, याचा अंदाज करता येतो. कितीतरी बायका पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नसत. त्यांच्या भाषेत बोलणारी, त्यांची लाज समजून घेणारी बाई शेजारी असणं गरजेचं होतं. आणि दुसरीकडे घराघरांत काम करू शकणाऱ्या तरुण विधवा कोपऱ्यात बसून होत्या.

सेवासदन आणि नाइटिंगेल यांचं नातं

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं. त्यांनी रमाबाईंना अध्यक्ष व्हायची विनंती केली.

इथं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा एक तपशील आहे. दयाराम गिडुमल यांनी मलबारींचं इंग्रजी चरित्र लिहिलं होतं. त्याला प्रस्तावना होती फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची. नाइटिंगेलबाई कधीही भारतात आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याच्या प्रश्नांवर त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. रानडे हे या सभेचे प्रमुख कार्यकर्ते. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन आजही नर्सिंगचे विद्यार्थी दिवा हातात धरून शपथ घेतात, त्यांच्याशी सेवासदनाच्या मंडळींचा संबंध आधीपासून होता.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाईंनी पुण्यात स्वतःच्या वाड्यात सेवासदन सुरू केलं. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांचे मुख्य सहकारी होते. मोठ्या वयाच्या बायकांचे वर्ग, शिवणकाम, प्रथमोपचार, शिक्षिकांचं प्रशिक्षण अशी कामं एकामागून एक वाढत गेली. आणि थोड्याच वर्षांत सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात नर्सिंग आणि सुईणीचं काम शिकायला जाऊ लागल्या.

नर्सिंगला एवढा विरोध का होता?

सेवासदनाच्या आधीही महाराष्ट्रात नर्स होत्या. पुण्यात प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्याच आजारानं १८९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मिरजेला डॉ. वान्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका घडत होत्या. मुंबईत शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव आणि १८९१ हे साल नर्सिंगच्या पुस्तकांत दिलेलं असतं. गावोगावच्या सुईणी तर पिढ्यानपिढ्या काम करत होत्या.

मग अडचण कुठं होती? तेव्हाच्या प्रशिक्षित नर्स प्रामुख्यानं युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. सुईणीचं काम खालच्या मानलेल्या जातींकडे ढकललेलं होतं. त्यामुळे वरच्या जातींतल्या हिंदू घरांसाठी नर्सिंग म्हणजे दुसऱ्यांनी करायचं काम. त्यात विटाळ होता, रात्रपाळी होती, परपुरुष होते. हॉस्पिटलमध्ये सेवा हवी, पण ती करणारी आपल्या घरातली नको, असा हा दुटप्पीपणा.

रमाबाईंनी हा प्रश्न दोन बाजूंनी सोडवला. पहिलं म्हणजे, मुली एकट्यादुकट्या गेल्या नाहीत, संस्थेच्या नावावर गेल्या. राहण्याची सोय आणि देखरेख संस्थेची. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी जबाबदारी घेतात म्हटल्यावर घरच्यांच्या तोंडून नकार निघणं अवघड झालं. दुसरं म्हणजे, सुरुवात ज्यांना गमावण्यासारखं फार उरलं नव्हतं अशा विधवांपासून झाली. लग्नाचं काय, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत समाजानं आधीच निकालात काढलेला होता.

ती हुर्यो आणि रमाबाईंचा संताप

रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. बक्षीस समारंभ होता. वैद्यकीय शिक्षण घेणारी सेवासदनाची एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. तिचं केशवपन झालेलं होतं, अंगावर विधवेचं लुगडं. तिला पाहताच गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली.

आभार मानायला रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी त्यांचं बोलणं शांत असायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी त्या शिकलेल्या तरुणांची भर सभेत कानउघाडणी केली. ज्या मुलीवर आधीच दुःखाचा डोंगर कोसळला आहे आणि तरी जी शिकून उभी राहते आहे, तिला हसणाऱ्यांच्या शिक्षणाचा उपयोग काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह चिडीचूप झालं.

लक्षात घ्या, इथं चेष्टा करणारे काही सनातनी म्हातारे नव्हते. ती शिकलेली तरुण मुलं होती. शिक्षणानं समज आपोआप येत नाही, हे रमाबाईंना त्या दिवशी पुन्हा दिसलं.

मर्यादाही होत्या

सेवासदनाच्या सुरुवातीच्या कामाचा फायदा प्रामुख्यानं ब्राह्मण आणि इतर वरच्या जातींतल्या स्त्रियांना झाला. मानाचं काम कोणतं, हे ठरवण्याचा अधिकारही याच घरांकडे होता. ज्या बायका आधीपासून हे काम करत होत्या, त्यांना तो मान आधी का मिळाला नाही, हा प्रश्न उरतोच. रमाबाईंची पद्धतही थेट बंड करण्याची नव्हती. रूढींना धक्का देताना त्या घरच्यांना सोबत घेऊन चालत. काहींना ती तडजोड वाटते. पण याच पद्धतीमुळे बंडखोर संस्थांकडे मुली पाठवायला न धजावणाऱ्या घरांनी सेवासदनाकडे त्या पाठवल्या.

पुढच्या काळात त्यांची भूमिका अधिक ठाम होत गेली. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण मुलांबरोबर मुलींनाही लागू करावं, यासाठी त्या रस्त्यावर उतरल्या. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या पुढे होत्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका पाठवून त्यांनी वारकरी स्त्रियांच्या मदतीची सोय केली. आज आषाढीला पंढरपुरात नर्सिंगचे विद्यार्थी आरोग्य शिबिरांत उभे राहतात, तेव्हा त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

१९२४ मध्ये रमाबाईंचं निधन झालं. तोपर्यंत पुण्याच्या सेवासदनात हजारावर मुली आणि स्त्रिया शिकत होत्या. संस्थेच्या शाखा इतर शहरांतही निघाल्या. सोलापूरची सेवासदन प्रशाला ही याच परंपरेतली. या शाळेत शिकलेल्या सोलापूरकरांना नाव पाठ असतं, त्यामागची गोष्ट मात्र अनेकदा माहीत नसते.

सर्टिफिकेटपासून डिग्रीपर्यंत

रमाबाईंच्या हयातीत नर्सिंगची डिग्री भारतात नव्हती. हॉस्पिटलमध्ये काम करत शिकायचं आणि सर्टिफिकेट घ्यायचं, एवढंच. विद्यापीठाची डिग्री देणारा अभ्यासक्रम दिल्ली आणि वेल्लोर इथं १९४६ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये सुरू झालं.

आज बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा कोर्स आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. सोलापुरातल्या कॉलेजमध्ये शिकलात तरी डिग्री सोलापूर विद्यापीठाची नसते. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. अॅडमिशन घेण्याआधी कॉलेजला या संस्थांची मान्यता आहे का, हे तपासणं तुमच्याच हिताचं.

अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी असे विषय असतात. पण सुरुवातीला हाताला शिकवलं जातं ते साधंच. बेड कसा लावायचा, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, त्याचं अंग कसं पुसायचं. यालाच कधीकाळी विटाळ म्हणत. आता त्याचे मार्क मिळतात.

मग त्या तीन प्रश्नांचं काय?

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये शेजारच्या धाराशिवपासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडून पेशंट येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसं असतात. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, रात्रभर शेजारी असते ती सिस्टर. तरी आपण नावं डॉक्टरांचीच लक्षात ठेवतो. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान या नर्स होत्या आणि त्याही तिथंच काम करत होत्या, हे किती जणांना माहीत असतं?

नाईट ड्युटीवरून घरी परतताना सुरक्षित वाहन हवं, वॉर्डात पेशंटच्या संख्येला पुरतील इतक्या नर्स हव्यात, प्रायव्हेटमध्ये कामाला साजेसा पगार हवा, या मागण्या खऱ्या आहेत आणि त्या हॉस्पिटल चालवणाऱ्यांकडेच करायला हव्यात. त्यांचं ओझं मुलीवर टाकून तिचा फॉर्म अडवणं हा त्यावरचा उपाय नाही. मुलीला थांबवायचं की तिच्या कामाची जागा सुधारायची, हा निवडीचा प्रश्न रमाबाईंपुढेही होता. त्यांनी राहण्याची सोय केली, जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली आणि मुलींना पाठवलं.

रमाबाईंच्या आयुष्यातली पाटीवर मुळाक्षरं गिरवणारी लहान यमुना मालिकेमुळे आपल्याला पाठ आहे. त्यानंतरची, म्हणजे १९०१ ते १९२४ ही तेवीस वर्षं मात्र आपण फारशी वाचत नाही. तुमच्या घरात बी.एस्सी. नर्सिंगचा विषय निघाला असेल, तर हा दुसरा भाग मोठ्या माणसांना जरूर सांगा. आणि फॉर्मची शेवटची तारीख चुकवू नका.